चिठ्ठीवरची अक्षरं

मेनरोडवरच्या देवरामशेठच्या साड्यांच्या दुकानात प्रत्येक साडीला एक चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर चार अक्षरं. ती खरेदीची किंमत. कोणतं अक्षर म्हणजे कोणता आकडा, हे फक्त शेठना ठाऊक. त्यांचा मुलगा दत्तू बेचाळीस वर्षांचा झाला, वीस वर्षं दुकानात साड्यांच्या घड्या घालत होता, पण त्यालाही ते सांगितलेलं नव्हतं. मार्चअखेर मालाची मोजदाद व्हायची, तेव्हा शेठ स्वतः आकडे सांगत आणि करसल्लागार लिहून घेत.

"मुलाला एकदा सांगून ठेवा," ते दर वर्षी म्हणत.

"योग्य वेळ आली की सांगेन," शेठ म्हणत.

१९९९ च्या फेब्रुवारीत शेठना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल केलं. नेमकी लग्नसराई. दत्तू विचारायला गेला, तर ते म्हणाले, "मी काय मरतोय का?"

दत्तू अंदाजाने विकू लागला. तिसऱ्या दिवशी सायखेड्याच्या मालनबाई आल्या. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. नातीचं लग्न होतं. त्यांनी एक येवल्याची पैठणी निवडली. दत्तूने भीत भीत पाच हजार सांगितले.

मालनबाईंनी चिठ्ठी उलटली. "पसवव. साडेतीन हजाराची खरेदी हाय. छत्तीसशे घे. घासाघीस केली की तुझे अण्णा वर शंभरावरच येतात."

दत्तूने चिठ्ठी पुन्हा पाहिली. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"गणपत सुखकर देव. दहा अक्षरं, एकापासून शून्यापर्यंत. भाव सांगायच्या आधी अण्णा तेच पुटपुटतात ना. आधी वाटलं, लय देवभोळा माणूस हाय. मग एकदा बोटांवर अक्षरं मोजली." त्यांनी पैसे काढले. "आता आमच्याकडं सुनांनाबी पाठ हाय."

वर्षभर इतकी गर्दी असून नफा का दिसत नाही, हे दत्तूला त्या दुपारी समजलं.

ऑपरेशन झाल्यावर शेठ जरा हळवे झाले. त्यांनी मंगलाबाईंना, म्हणजे बायकोलाही, खोलीबाहेर पाठवलं आणि दत्तूच्या कानात दहा अक्षरं सांगितली. दत्तूने ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. वडिलांचा आवाज कापत होता, म्हणून त्याला खरं बोलवेना.

"तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही," शेठ म्हणाले.

बाहेर बाकावर मंगलाबाईंनी विचारलं, "गणपतच सांगितलं ना? बरं झालं. मी आपलं कधी कळू दिलं नाही."

एप्रिलपासून दत्तूने खरेदीचे आकडे वहीत ठेवले आणि चिठ्ठीवर सरळ विक्रीची किंमत लिहिली. एकच भाव. शेठ गादीवर येऊन बसत आणि नव्या चिठ्ठ्या उलटून पाहत.

"मग मी तुला गुपित दिलं कशाला?" पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं. दत्तू घड्या घालत राहिला.

काही बायका दुसरीकडे गेल्या. मालनबाई दिवाळीला आल्या, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली, कुरकुरल्या आणि लिहिलेले पैसे देऊन गेल्या. पुढच्या मार्चला दुकानाला प्रथमच भरभक्कम प्राप्तिकर बसला.

"माझ्या चाळीस वर्षांत ही वेळ कधी आली नव्हती," देवरामशेठ बाजारात सगळ्यांना सांगत राहिले. "पोराला धंदा जमला नाही."