घटलेल्या संपत्तीचा सत्कार

सांख्यिकी खात्यातल्या उपसंचालक बाईंना सगळे मागून 'तळंबाई' म्हणत. देशाची श्रीमंती मोजताना शहरामागचं तळंही धरलं पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. वर्षाचं उत्पन्न म्हणजे श्रीमंती नव्हे, हे त्या ज्याला त्याला ऐकवत. रस्ते, कारखाने, जंगलं, पाणी, माणसांचं शिक्षण नि तब्येत, सगळ्याची बेरीज करा, मग कळेल पुढच्या पिढीच्या हाती काय उरतंय. खात्यात हे कोणी मनावर घेत नव्हतं. पण शाश्वत विकासावरची जागतिक परिषद आपल्याकडे भरायची ठरली, मंत्र्यांना भाषणात काहीतरी नवीन हवं झालं, आणि बाईंचा भाव एकदम वधारला.

महिनोन् महिने खपून त्यांनी हिशेब पुरा केला. उत्पन्न वाढलं होतं, संपत्ती घटली होती.

संचालकसाहेबांनी आकडा पाहिला आणि कप बशीत ठेवला. "बाई, हे मंत्र्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते की."

"तुम्ही सांगाल हो. बदली माझी होईल."

दुपारी साहेब उपाय घेऊनच आले. "तळं निम्मं आटलं, बरोबर? म्हणजे पाणी दुर्मिळ झालं. टँकरवाला हल्ली तिप्पट घेतो. मग उरलेल्या पाण्याला तोच भाव लावा. वाढली संपत्ती."

"म्हणजे तळं आटेल तसे आपण श्रीमंत होत जाणार?"

"तसं तोंडाने म्हणायचं नाही."

"आणि पूर्ण आटलं की?"

"तोवर मी रिटायर होतो."

बाई डोकं धरून घरी आल्या. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या बेरजेत मी कितीला धरलेय?"

बाई चाचरल्या. "माणसाची किंमत त्याच्या पुढच्या कमाईवर धरतात, आई."

"म्हणजे मी शून्य."

"पद्धतच तशी आहे."

"असू दे. शून्याने चहा केलाय, पी." त्यांनी कप जरा जोरातच आपटला. "मला शून्य लावताना हात थरथरला नाही ना तुझा? मग त्या मंत्र्यासाठी कशाला थरथरतोय?"

बाईंना ते लागलं. परिषदेत त्यांनी खरा आकडा पडद्यावर लावला. पहिल्या रांगेत मंत्र्यांची मान लाल होत गेली. साहेब दाराच्या दिशेने सरकू लागले. तेवढ्यात परदेशी पाहुण्यांचे प्रमुख उठून टाळ्या वाजवू लागले. स्वतःची घट जगासमोर मांडणारं इतकं प्रामाणिक सरकार आपण पाहिलं नाही, असं ते म्हणाले. सगळं सभागृह उभं राहिलं. मंत्री काही दूधखुळे नव्हते. तेही उठले आणि चारी दिशांना हात जोडून म्हणाले, "मीच यांना बजावलं होतं, काही लपवायचं नाही."

प्रामाणिक मोजणीचं काचेचं सन्मानचिन्ह मंत्र्यांना मिळालं. बाईंचे डोळे भरून आले. कष्टाचं चीज झालं, असं त्यांना मनापासून वाटलं. गर्दी ओसरताच त्या मंत्र्यांजवळ गेल्या.

"सर, तळ्यावर बाटलीबंद पाण्याचा नवा कारखाना येतोय, त्याची परवानगी आता रद्द होईल ना?"

"ती का रद्द होईल?"

"कारखान्याने संपत्ती आणखी घटेल."

"घटू दे की. तुम्ही अशाच प्रामाणिकपणे मोजत राहा," मंत्री प्रेमाने म्हणाले. "यंदा एवढ्याशा घटीचं एवढं कौतुक झालं." ते चेष्टा करत नव्हते. साहेबांनीही मान डोलावली आणि सहसंचालकपदासाठी बाईंचं नाव तिथेच सुचवून टाकलं.

जेवणाच्या टेबलांवर त्या कारखान्याच्या नमुन्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. बाईंच्या घशाला कोरड पडली होती. दुसरं पाणी कुठे दिसेना. त्यांनी एका बाटलीचं झाकण फिरवलं आणि त्या घटाघटा प्यायल्या. पाणी गार होतं, आणि चवीलाही बरं होतं.