वीस मोजेपर्यंत

माझ्या मुलाला एक वाईट खोड लागली आहे. तो मला आराम कर म्हणतो. सकाळी नऊला येतो, खालचं शटर वर ढकलतो, जिन्याशी उभा राहून वर तोंड करतो आणि म्हणतो, "आई, बरी आहेस ना? आराम कर." उत्तर ऐकायला थांबत नाही. संध्याकाळी सहाला शटर ओढतो, परत तेच म्हणतो, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या बायकोमुलांत निघून जातो. तो खाली असतो ते नऊ तास मी आराम करायचा. तो नसतो ते पंधरा तास तर आरामच आराम. एवढा आराम मेलेल्या माणसालासुद्धा जड जाईल.

मी आजारी नाही. गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी तेवढा हक्क कमावलाय.

खाली आमचं वर्कशॉप आहे, वर दोन खोल्या, त्यात मी. आमचे हे आधी रेडिओ दुरुस्त करायचे. मग एकदा एक गिटारवाला आपलं बंद पडलेलं पेडल घेऊन आला आणि ह्यांना त्या पेडलचंच वेड लागलं. फेजर म्हणतात त्याला. पत्र्याची डबी असते, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि वर पायाने दाबायचं बटण. ते दाबलं की गिटारचा आवाज सरळ येत नाही, फिरत येतो. पोरं चालू पंख्यासमोर तोंड नेऊन आ करतात ना, साधारण तसा, पण त्याहून सावकाश आणि शहाण्यासारखा. जवळ येतो, कानाला घासून जातो, लांब जातो, परत येतो. ह्यांनी अशी पेडलं स्वतः बनवायला घेतली आणि सव्वीस वर्षं बनवली.

फेजरच्या पोटात चार ट्रान्झिस्टर असतात. काळे, तीन पायांचे. मी त्यांना मुंगळे म्हणते. एकाच कारखान्यातून, एकाच पिशवीत बसून येतात, पण एकाचा स्वभाव दुसऱ्यासारखा असेल तर शपथ. आणि फेजरला तर चौघं एका स्वभावाचे लागतात. चार माणसं मिळून जिन्यावरून कपाट चढवतात, त्यातला एक बुटका निघाला की कपाट कलंडलंच, तसं ते आहे. म्हणून शंभर मुंगळे घ्यायचे, एकेक मीटरला लावायचा, आकडा बघायचा, जुळणारे चार-चार वेगळे काढायचे, आणि त्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून डबीच्या झाकणात आतून चिकटवायचे. हे काम माझं. मी तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, पण आकडा माझ्या हातून सुटत नाही.

त्यात एक गोम आहे. मुंगळा बोटात धरला की तापतो, आणि तापला की खोटं बोलतो. आकडा आपला सरकतच राहतो. म्हणून तो कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरायचा, खाचेत बसवायचा, हात मागे घ्यायचा आणि मनात वीस मोजायचे. तोवर तो थंड होतो. मग जो आकडा दाखवील तो खरा. मी मोजत असले की समोर बसलेले हे बोलायचे नाहीत. हातातलं सोल्डरिंग थांबवायचे आणि एक बोट गुडघ्यावर आपटत राहायचे. सव्वीस वर्षं आम्ही दोघं समोरासमोर बसून गप्प होतो आणि मला एक दिवस एकटं वाटलं नाही. आता बहीण फोनवर तासभर बोलते, तरी वाटतं.

हे गेल्यावर काही महिने मी आणि चिरंजीव तसेच बसलो. मग मी आठ दिवस बहिणीकडे गेले. परत येऊन बघते तर माझ्या टेबलावर रिकामी खोकी रचलेली, माझा मीटर कपाटावर चढवलेला, आणि चिरंजीवांच्या टेबलावर एक नवं यंत्र.

"आई, हे बघ. मुंगळा लावला की सेकंदात आकडा. चिठ्ठीसुद्धा तेच छापून देतं. तू आता आराम कर."

माझ्या खुर्चीवरची उशी उचलली आणि वर आले. मनाशी ठरवलं, बोलावल्याशिवाय त्या फरशीवर पाय ठेवायचा नाही. त्याला अकरा महिने झाले. त्याने बोलावलं नाही, मी गेले नाही. आमच्या घरात सगळ्यांना नाक एकाच मापाचं मिळालंय.

पण कान काही जिन्याशी थांबत नाहीत. प्रत्येक पेडल तयार झालं की तो गिटारवर तेच तीन सूर वाजवून बघतो. माझ्या पलंगाच्या बरोबर खाली त्याचा स्पीकर आहे. पूर्वी आवाज फिरायचा तो पायातून वर यायचा, पूर्ण गोल, आणि परत जायचा. आता तो जायला नीट जातो, पण परत येताना अर्ध्यात अडतो. कुणी भेटायला निघावं आणि कोपऱ्यावरूनच मागे वळावं, तसा. मी ऐकत पडून राहायची. वाट बघायची की आता येईल. यायचा नाही.

एकदा जिन्यावरून सांगितलं, "कालचं पेडल लंगडतंय."

"तुला वरून काय कळणार, आई. आराम कर."

परत सांगायला मी काय त्याची नोकर आहे?

मग मंगळवारी दुपारी तो नव्या डब्या रंगवायला टाकून येतो म्हणून गेला. शटर अर्धं उघडं. थोड्या वेळाने खालची घंटा वाजली, परत वाजली, आणि वाजतच राहिली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले. खाली टोपीवाला उभा. हा हॉटेलात संध्याकाळी गिटार वाजवतो. ह्यांचं अगदी पहिल्या वर्षाचं गिऱ्हाईक. उन्हात टोपी, सावलीत टोपी. टोपीखाली केस आहेत की नाहीत हे त्याच्या बायकोलाही लग्न लागल्यावरच कळलं असेल.

"काकू, दुकान उघडं आहे, पण माणूस नाही."

"माणूस डब्या रंगवायला गेलाय."

"तुम्ही आहात ना."

"मी आराम करतेय."

"मग आराम करत करत खाली या. मला वेड लागायची पाळी आलीय."

मी उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले. पायरी म्हणजे काही फरशी नव्हे.

त्याने दोन पेडलं आणली होती. एक जुनं, ह्यांच्या हातचं, रंग उडालेलं. दुसरं दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडून नेलेलं, चकचकीत. आधी जुनं जोडलं आणि दोन सूर छेडले. आवाज उठला, खोलीभर फिरला, माझ्या पाठीमागून जाऊन पुढे आला. जुन्या ओळखीचं माणूस दारात यावं तसं झालं. मग त्याने नवं जोडलं. तेच सूर, आणि तेच अर्ध्यात अडणं.

"कळलं का काही?"

"मला अकरा महिन्यांपूर्वीच कळलंय. ह्या एकट्याचा नाही, ह्याच्या सगळ्या भावंडांचा पाय लंगडा आहे."

तो मटकन स्टुलावर बसला. "मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. वेग वाढवून बघितला, कमी करून बघितला. समोर लोक जेवत असतात, त्यांना काय पडलंय. पण मला माझाच आवाज ओळखू येईना, काकू. दोन महिने रोज संध्याकाळी परक्या माणसाशेजारी बसून वाजवल्यासारखं वाटतंय."

मला ते नको तितकं समजलं.

त्याने जुन्या पेडलचे स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, पिवळी पडलेली. तिच्यावर चार आकडे.

"इतकी वर्षं विचारीन म्हणतोय," तो म्हणाला. "हे तुमच्या घरातल्या कुठल्या पोराने लिहिलं? सात बघा कसा आडवा पडलाय."

"त्या पोराला आता नातवंडं आहेत," मी म्हणाले, आणि उठले.

फरशी गार होती. बाकी काही झालं नाही. अकरा महिन्यांची प्रतिज्ञा मोडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

टोपीवाल्याला कपाटावरून मीटर उतरवायला लावला. खोकी ढकलून टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. आमचे मुंगळे खाचेत बसवलेले असतात, चिकटवलेले नसतात, त्यामुळे निघतात. नव्या पेडलमधले चौघं काढले. यंत्राच्या चिठ्ठीवर चौघांसमोर एकच आकडा छापलेला होता, सुबक अक्षरात. मी एकेक लावला, वीस मोजले, आणि बघते तर चौघांचे चार आकडे. भावाला भाऊ ओळखत नव्हता.

"यंत्र बिघडलंय?" टोपीवाल्याने विचारलं.

मी त्यातलाच एक मुंगळा बोटांनी चोळला आणि लगेच लावला. आकडा दिसला, आणि बघता बघता सरकायला लागला. "यंत्राला काय होतंय. त्याला धीराने विचारत कोण नाही."

मग सुटे मुंगळे घेऊन बसले. चार जुळवायला कधी दहा पुरतात, कधी साठ लागतात. टोपीवाला समोर बसला, ह्यांच्या जागी. त्याला दुसरी जागाच नव्हती. मी पहिल्या मुंगळ्याचे सात मोजले असतील, तोच त्याने तोंड उघडलं.

"काकू, काका असताना..."

"मोजतेय ना मी."

परत नव्याने मोजले. पुढच्याला पाचवर त्याला खोकला आला. त्याने तो बाहीत खोकून घेतला. मग हळूहळू त्याचा पाय फरशीवर पडायला लागला, वादकाचा पाय तो, अगदी माझ्या मोजण्याबरोबर. मी मान वर केली नाही. वर केली असती तर समोर टोपी दिसली असती.

चौथा सापडला तेव्हा शटर वाजलं. चिरंजीव आत आले आणि दारातच थांबले.

"आई, तू खाली?"

"खाली."

त्याने टेबल बघितलं, मीटर बघितला, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी बघितल्या. मुलगा मूर्ख नाही, माझाच आहे. चेहरा उतरला.

"माझे आकडे चुकीचे?"

"घाईचे. सोल्डरिंग करता करता त्याच गरम बोटांनी मुंगळा उचलतोस, आणि पहिला आकडा दिसला की छापून मोकळा होतोस. वीस मोजायला काय झालं होतं?"

"पण बाबाच म्हणायचे..." तो टोपीवाल्याकडे बघून थांबला. टोपीवाल्याने टोपी नीट केली.

"काय म्हणायचे? बोल. तो घरचाच आहे."

"मी लहान असताना विचारलं होतं, आई वीस का मोजते. तर म्हणाले, आकडा काय, लगेचच येतो. तिला मोजायला आवडतं, म्हणून मोजू द्यायचं. तेवढाच तिचा वेळ जातो."

मी माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं गुडघ्यावर आपटणारं ते बोट मला दिसत होतं. ज्या माणसाला वीसचं मोल ठाऊक नाही, तो स्वतःचं काम टाकून माझ्याबरोबर कशाला मोजील? मग पोराला असं का सांगितलं? तिसरी शिकलेल्या बायकोच्या आकड्यांवर आपलं पेडल चालतं हे कबूल करायला जीभ वळली नसेल. किंवा मी समोर बसलेली आवडायची, आणि ते कबूल करायला तर ती मुळीच वळली नसेल. दोन्ही कारणं मी मनातल्या मनात मीटरला लावून बघितली. आकडा स्थिर होईना. आणि विचारायला आता माणूस नाही.

"बसव," मी मुलाला म्हटलं आणि चौघं त्याच्यापुढे सरकवले. "चिमट्याने."

त्याने बसवले. टोपीवाल्याने गिटार जोडली. आवाज गेला, लांब गेला, अगदी शटरपर्यंत गेला असं वाटलं, आणि मग सावकाश वळून पूर्ण परत आला. टोपीवाल्याने डोळे मिटून घेतले होते. माझा मुलगा खाली मान घालून उभा होता, ह्यांची अगदी तशीच मान.

टोपीवाला गेला. जाताना जुनी चिठ्ठी नव्या झाकणात चिकटवायची म्हणत होता. मी म्हटलं, ते आकडे त्या डबीचे, ह्या डबीला तिचे लिहून देते, आणि दिले. सात आडवाच पडला.

मग आम्ही दोघंच उरलो. घड्याळात पावणेसहा. पंधरा मिनिटांत तो शटर ओढणार, त्याच्या घरी दिवे लागलेले असणार, आणि मी वर जाऊन एका माणसाचं ताट वाढून घेणार, हे ठरलेलं होतं. ते काही मी बदलू शकत नाही.

"आई," तो म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं की तुला आता आराम..."

"गप्प. मी मोजतेय."

मी काही मोजत नव्हते. नुसती बसले होते. पण तो गप्प राहिला, आणि वीस होईपर्यंत राहिला. मग मी त्याला सांगितलं:

"तू वाईट नाहीस, आळशीही नाहीस. उतावळा आहेस. बापाचं बोलणं गरम गरम उचललंस आणि तसंच बसवून टाकलंस, थंड होऊ दिलं नाहीस, म्हणून वर्षभर ह्या घरात सगळं लंगडत होतं. उद्या नऊला आलास की आधी माझ्या टेबलावरची खोकी उचल. खुर्ची होती तिथे ठेव. उशी मी आणीन. तू समोर बसायचं, आणि मी मोजत असताना बोलायचं नाही. आणि यापुढे आराम कर हे शब्द माझ्या कानावर आले ना, तर मी खरोखरच आराम करीन, मग बस त्या यंत्राला विचारत."