पंजाबरावचा धाकटा ट्रक

"काका, निंघालं पाहा चाक!" जीपला टेकून चहा पीत उभा असलेला मुन्ना ओरडला.

शेलूबाजारच्या बाजार-मैदानावर हातभर लांबीचा ट्रक उताणा पडून तीन चाकं गरगर फिरवत होता. चौथं एकटंच घरंगळत नालीकडे निघालं होतं. एकसष्ट वर्षांचा पंजाबराव चपला टाकून त्याच्यामागं धावला.

ट्रक त्याच्या लेकाचा, संघदीपचा. पुण्याहून सुट्टीत येताना त्यानं तो आणला आणि जाताना बापाजवळच ठेवला. रिमोटचा घोडा दाबला की मोटारसायकलच्या वेगानं पळायचा. पळायचा तेवढाच मोडायचाही. कधी गिअरचे दाते झिजायचे, कधी वायर सुटायची, कधी दगडावरून उडून कोलांट्या खायचा. मग पंजाबराव दिवसभर तो ओट्यावर उघडून बसायचा.

"दोन घडी शांत बसवत नाई काय तुमाले?" अंजना, त्याची बायको, वैतागायची.

नव्हतंच बसवत. एकतीस वर्षं त्यानं शेलूबाजार ते मंगरूळपीर काळीपिवळी जीप चालवली होती. कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात मात्र रक्तातली साखर उतरली आणि भर रस्त्यात डोळ्यांपुढं अंधारी आली. जीप कशीबशी कडेला लागली. आतल्या चौदा माणसांना काही कळलं नाही, पण त्याला कळलं. त्याच संध्याकाळी त्यानं किल्ली मुन्नाच्या हातात ठेवली. तेव्हापासून पहाटे खाटेवर पडल्या पडल्या त्याचा उजवा पाय काहीतरी दाबायला शोधत राहायचा.

चाक बसलं. रिमोटवरचा दिवा लाल लुकलुकत होता. सेल उतरले होते. जीप असती तर तेलपाणी पाहिल्याशिवाय तो हलला नसता.

"एकच चक्कर," तो स्वतःशीच म्हणाला.

ट्रक सुसाट सुटला. मैदानाच्या टोकाशी त्यानं वळण दिलं. ट्रक वळला नाही. घोडा सोडला, थांबला नाही. रिमोटचा दिवा विझला होता आणि पलीकडून डोक्यावर मेथीची टोपली घेऊन रुपाबाई येत होती. मंगरूळपीरच्या बाजाराला जायला वीस वर्षं त्याच्याच जीपमध्ये बसणारी.

"बाई, सरक!"

तिनं मान वळवली, तोवर ट्रक घोट्यावर आदळला होता. मेथीच्या जुड्या धुळीत विखुरल्या. पंजाबराव पोचला तेव्हा तिचा पाय डोळ्यांदेखत सुजत होता.

मुन्नानं जीप आणली. रुपाबाईला आत बसवता बसवता तो हळूच म्हणाला, "काका, तुमी घरी जा. मी नेतो. पडली म्हनून सांगतो."

पंजाबराव मागं चढला.

मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनं केसपेपर पुढं ओढला. "कसं लागलं?"

"बांधावरून पडली मी," रुपाबाई म्हणाली. पंजाबरावकडे तिनं पाहिलंच नाही.

पंजाबराव केसपेपरकडे पाहत राहिला. एकतीस वर्षं कुणाला ओरखडा नाही. एवढं गप्प राहिलं की झालं.

"नाई सिस्टर. गाडीनं ठोकलं तिले."

"कोणती गाडी?"

"खेळण्यातला ट्रक."

बाकावरची दोघं-तिघं खुसखुसली. सिस्टरचं पेन थांबलं. "चालवत कोण होतं?"

"मी. पंजाबराव खिल्लारे. सेल उतरले हे दिसून राह्यलं होतं मले. तरी चालवला."

"कायले सांगतलं भाऊ?" रुपाबाई कळवळून म्हणाली. "मी बोलली होती ना."

"पाय बी तुयाच मोडला, न खोटं बी तूच बोलाव काय?"

हाडाला बारीक चीर होती. दुपारी प्लास्टर करून ते निघाले. जीपच्या मागच्या बाकावर रुपाबाई पाय लांब करून बसली. प्लास्टरचा पाय पंजाबरावनं मांडीवर घेतला. त्याची रस्त्याकडे पाठ होती, पुढचं काही दिसत नव्हतं. तरी मध्येच तो दोन्ही हातांनी तो पाय अलगद वर उचलायचा आणि धरून ठेवायचा. मग खड्डा यायचा.

रुपाबाईला झोप लागली होती.