दोन बाटल्या, दोन उत्तरं

मी एक जुनी, चिनी मातीची पांढरी टाइल आहे, मित्रांनो. माझ्यावर बारा खळगे आहेत. १९७२ साली मी नाशकातल्या एका छोट्या रक्ततपासणी केंद्रात आले. खळग्यात रक्ताचा थेंब, त्यात सीरमचा थेंब. मग तिथल्या तंत्रज्ञ वत्सलाबाई मला हलकेच डोलवायच्या. सीरममधल्या प्रतिपिंडांना रक्तपेशीवर आपली खूण सापडली, की पेशी एकमेकींना चिकटून लाल दाणे धरायच्या. नाही सापडली, तर रक्त सपाट राहायचं. त्यावरून रक्तगट ठरायचा.

अकरा वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग कळवणकडच्या कमळाबाईचं रक्त आलं. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. डी नावाची खूण असली तर रक्त पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. ती शोधायला वत्सलाबाईंनी दोन वेगळ्या बाटल्यांतलं सीरम घेतलं. एका खळग्यात दाणे धरले, शेजारच्यात काहीच नाही.

केंद्राचे डॉक्टर वैतागले. "एकाच बाईचं रक्त आणि दोन उत्तरं? ती टाइल घासा आधी!"

घासली. चारदा घासली. उत्तरं तीच! मला तोंड असतं तर ओरडले असते.

"डॉक्टर, दोन्ही खरी असतील," वत्सलाबाई म्हणाल्या. "डी म्हणजे एकच ठिपका नाही, त्याचे बरेच भाग असतात. प्रत्येक प्रतिपिंड आपापल्याच भागाला धरतं. हिच्यात एखादा भाग नसेल. पॉझिटिव्ह रक्त दिलं, तर हिचं शरीर त्या भागाविरुद्ध प्रतिपिंडं बनवेल. ती पुढच्या बाळाच्या जिवावर बेततील."

"पुस्तकी गोष्टी नकोत. पॉझिटिव्ह लिहा."

"मी सही करणार नाही."

डॉक्टर दार आपटून गेले. वत्सलाबाईंनी रक्तदात्यांची वही उघडली. लासलगावच्या सावळीराम हमालाचं रक्त निगेटिव्ह, कमळाबाईच्याच गटाचं. त्यांनी निरोप धाडला. तो मिळेल त्या ट्रकने आला. कमळाबाई वाचली.

तीन महिन्यांनी, मुंबईला पाठवलेल्या तिच्या रक्ताच्या नमुन्याचा अहवाल आला. वत्सलाबाईंचंच बरोबर होतं. डॉक्टरांनी तो वाचून फायलीत लावला. वर नवी टाइल मागवली आणि मला फडताळात टाकलं.

पुढे कमळाबाई बाळाला घेऊन आली. वत्सलाबाईंनी तिच्या हातात एक कार्ड दिलं. "कुणी रक्त चढवायला लागलं, की हे आधी दाखव. निगेटिव्हच घ्यायचं."

"मला वाचता नाय येत, ताई. पण हे दाखवल्याबिगर सुई टोचू देणार नाय."

मित्रांनो, उत्तरं जुळली नाहीत, तर टाइलवर राग काढू नका. थेंब पुन्हा टाका. आणि त्या थेंबाकडे वाकून पाहणाऱ्या बाईचं एकदा तरी नीट ऐका.