झाडाला प्लास्टर

धाकटी सून इस्पितळात प्लास्टर घालायचं काम करायची. दिवसभर लोकांचे मोडलेले हातपाय तिच्या ताब्यात. त्यामुळे घरात कुणी कितीही घाबरून काही सांगायला आलं, तरी ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग हात धुऊन कामाला लागायची.

जुनं घर विकून दोन्ही भावांनी वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहायचं ठरवलं. भांडी, कपाटं, पलंग, सगळ्याची वाटणी कुरबुर न होता झाली. गाडी अडली ती जिन्यातल्या रबराच्या झाडापाशी. थोरली जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिने ते माहेरून एका डब्यात आणलं होतं. आता ते जिन्याच्या पोकळीतून थेट वरच्या काचेच्या छपराला टेकलं होतं. मुळांनी कुंडी फोडली होती आणि फरशीच्या फटीतून खाली घर केलं होतं.

"कापून टाकू," थोरला म्हणाला. "फरशी उखडून तर नेता येणार नाही."

त्या दिवसापासून थोरली भिंतीकडे तोंड करून जिना चढायला लागली. धाकटीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ताई, शेंडा नेता येईल आपल्याला," ती म्हणाली.

"पाण्यात ठेवून? कुजतो गं. मी करून बघितलंय."

"पाण्यात नाही. झाडावर असतानाच त्याला मुळं फोडायची आणि मग कापायचा. गुटी बांधतात तशी. हे मूळचं घनदाट जंगलातलं, सतत पाऊस असतो तिथलं. तिकडे ते कितीदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यातच उगवतं आणि तिथून मुळं खाली सोडतं. हे बघा, आपल्या कठड्याला कसं धरून बसलंय. खोडातून मुळं काढायची त्याला सवयच आहे."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"बागकाम शिकवणाऱ्या एका पेशंटने. मनगट मोडलं होतं, तोंड शाबूत होतं."

थोरली हसली, पण लगेच गंभीर झाली. "जिवंत झाडाची साल सोलायची म्हणजे..."

"सोलायची. झाडाला झेपतं ते."

रविवारी धाकटी शिडीवर चढली. शेंड्याच्या खाली तिने बांगडीएवढी साल गोल कापून काढली. पांढरा चीक भळाभळा वाहू लागला, तशी थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. धाकटीने चीक पुसला, जखमेभोवती ओलं शेवाळ दाबून बसवलं, त्यावर प्लास्टिक गुंडाळलं आणि आत उजेड जाऊ नये म्हणून वरून झकास पट्टी बांधली.

"पेशंटला घरी कधी सोडणार?" थोरल्याने खालून विचारलं.

"मुळं फुटली की."

काही आठवड्यांनी पट्टी सोडली, तर मुळांचा पत्ता नव्हता. कापलेल्या जागी साल पुन्हा जुळून आली होती.

"झालं समाधान?" थोरला म्हणाला.

धाकटीने नखाने ती जागा चाचपून पाहिली. "चूक माझी आहे. सालीखालचा चिकट थर खरवडायचा राहिला. माझ्याकडे लोक जखम भरून यावी म्हणून येतात, त्यामुळे हात आपोआप हलका पडला. पुन्हा करते."

"घर रिकामं करायची तारीख जवळ आली आहे."

"त्याच्या आत होईल, दादा."

या खेपेला थोरली आत गेली नाही. तिने येऊन शिडी धरली. "खरवड आता नीट," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस."

त्यानंतर पट्टीची देखरेख थोरलीनेच आपल्याकडे घेतली. सकाळी चहा ठेवण्याआधी ती शिडीवर चढून पट्टी दाबून बघायची आणि कोरडी वाटली की वरून पाणी सोडायची. एकदा तिने इस्पितळात फोन केला. "आत काहीतरी टणक लागतंय. लवकर ये."

धाकटी आली, पट्टी सोडली. प्लास्टिकच्या आत शेवाळातून पांढरी, गुबगुबीत मुळं बाहेर आली होती. धाकटीने करवत थोरलीच्या हातात दिली. थोरलीने एका दमात शेंडा कापला आणि कुंडीत लावला. सामान हलवताना नवी कुंडी खाली टेम्पोपर्यंत नेली ती थोरल्याने, आणि वाटेत कुणालाही हात लावू दिला नाही.

किल्ल्या घ्यायला नवा मालक आला. तो चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. झाडाच्या खालच्या फांदीवर आणखी एक पट्टी बघून तो थबकला. "हे काय आहे?"

धाकटीनेही वर पाहिलं. ही पट्टी तिने बांधली नव्हती. गाठी वेड्यावाकड्या होत्या.

"ते हिचं," थोरली धाकटीकडे बोट दाखवत म्हणाली. "हिच्या घरी नको का एक? मुळं फुटली की येऊन घेऊन जाऊ. तोवर झाड राहू द्या."

"आणि पाणी कोण घालणार?"

"तुम्ही," थोरली म्हणाली, आणि पट्टी कुठे दाबून बघायची ते दाखवायला त्याला शिडीपाशी घेऊन गेली.