गालातला दात

सरजाबाई पहिल्यांदा आल्या त्या दाढ दुखते म्हणून. लातूरच्या ट्यूशन एरियात माझा दवाखाना आहे आणि त्याच गल्लीत त्यांची मेस. सोबत नवरा होता, हणमंतराव.

"दाढेचं राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "ह्या गालातली गाठ बघा. भूकंपापासून हाय, काढू देत न्हाई. कॅन्सर-बिन्सर असंल तर?"

"तुमचं डोकं तपासून घ्या आधी," सरजाबाई म्हणाल्या. "तिकडं पोरांचा सैपाक खोळंबलाय."

डिजिटल एक्स-रेचं यंत्र नुकतंच घेतलं होतं. गाठ नुसत्या मांसात होती, म्हणून सेन्सर दात आणि गाल यांच्यामध्ये ठेवला, किरणं कमी केली. चित्र लगेच पडद्यावर आलं. गालात एक दात होता. दुधाचा, पुढचा, मुळासकट अख्खा.

आधीच्या रुग्णाचं चित्र उघडलं असेल असं वाटून मी कोन बदलून पुन्हा घेतलं. कोनाबरोबर दातही वळला.

हणमंतराव खुर्चीत बसले. सरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "शिवकन्येचा हाय."

भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं तेव्हा चार वर्षांची शिवकन्या आईच्या कुशीत होती, गालाला तोंड लावून. दोघी तशाच दबल्या. जवानांनी बाहेर काढलं तोवर पोरगी गेली होती. आईच्या फाटलेल्या गालाला तंबूत टाके घातले. आत काय राहिलंय ते पाहायला वेळ कुणाला होता? असं घडू शकतं. दुसऱ्याचा दात मांसात रुतल्याची उदाहरणं मी वाचली होती. काढून घ्या, असं मी सुचवलं. सरजाबाईंनी दाढ भरून घेतली आणि गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा संपून मेस रिकामी झाल्यावर, दोघं परत आले. गाल सुजला होता, आत पू झाला होता.

मी नवं चित्र जुन्याशेजारी लावलं. दुधाच्या दाताचं मूळ निम्मं विरघळलं होतं. खालून पक्का दात रेटत येतो तेव्हा ते असं विरघळतं. गालात तसं काही येणं शक्य नाही. पण होतं. वरचा भाग पूर्ण झालेला, मूळ धरू लागलेला नवा दात. असं चित्र सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दिसतं.

हणमंतरावांना मी बाहेर बसायला सांगितलं आणि सरजाबाईंना सगळं समजावलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"मला वाटलंच. लेकरू दात बदलून राहिलंय."

"दोन्ही काढावे लागतील, बाई."

"पू कशानं झालाय? हलणाऱ्या दातानंच ना?"

"हो."

"मग तेवढाच काढा. पडायचाच असतो त्यो. खालचा राहू द्या." त्या पडद्याकडे बघत होत्या. "एकदा नेलं तिला माझ्यापासून. माझी बोटं एकेक करून सोडवली होती त्या जवानांनी. आता मी सोडणार न्हाई."

खालच्या दाताभोवती पू नव्हता. तो काढायला माझ्याकडे सांगण्याजोगं कारण नव्हतं, आणि ठेवायलाही नव्हतं. मी भूल दिली.

गालाच्या आतून चीर घेतली. दुधाचा दात चिमट्यात अलगद आला. पू धुऊन काढला आणि खालचा दात स्थिर आहे का, हे बघायला बोट आत घातलं. नव्याने येणाऱ्या पुढच्या दाताच्या धारेवर तीन बारीक उंचवटे असतात. चावून चावून पुढे ते झिजतात. ते बोटाला लागले. मग ते बोटावर दाबले गेले. सरजाबाईंचा गाल बधिर होता, जबडा उघडा होता, त्या हलल्या नव्हत्या. मी बोट ओढलं नाही. दाब सुटायची वाट पाहिली आणि मग टाके घातले.

हणमंतराव आत आले. "निघालं का सगळं?"

सरजाबाईंच्या तोंडात कापूस होता. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले होते.

मी ट्रेमधला दात हणमंतरावांना दाखवला. "हा निघाला."

"एवढाच व्हता?"

"एवढाच काढायचा होता."

त्यांनी तो रुमालात घेतला, रुमालाची घडी घातली आणि ती छातीकडच्या खिशात ठेवली.

ते गेल्यावर मी हातमोजे काढले. तर्जनीवर एका ओळीत तीन खुणा होत्या. हातमोजा कुठेही फाटलेला नव्हता.