झोळीला दार

जावयानं काउंटरवर ठेवलेलं हिरवं गाठोडं चेनमास्तरांनी दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं.

"ही काय भानगड?"

"हॅमॉक आहे, बाबा. रानात दोन झाडांच्या मध्ये बांधायचा आणि आत झोपायचं."

"झोळी म्हणा की सरळ. तान्ह्या पोरांना घालतात ती." मास्तरांनी गाठोडं सोडून दिलं. "घरातली गादी टोचते वाटतं?"

जावई हसला. त्याचं हे हसणं मास्तरांच्या डोक्यात जायचं. अपमान केला की माणसानं निदान अपमान झाल्यासारखं तोंड करावं, एवढी साधी रीत या पोराला नव्हती.

चेनमास्तर हे नाव गल्लीनं ठेवलेलं. पस्तीस वर्षं ते बॅगा शिवत आणि दुरुस्त करत आले होते, आणि त्यांच्या हातून एकही चेन अडकलेली परत गेली नव्हती. या पस्तीस वर्षांत त्यांचं माणसांविषयी एक मत झालं होतं. लोकांना दोनच गोष्टी येतात, कोंबायचं आणि ओढायचं. बॅगेवर गुडघा देऊन, दातओठ खाऊन चेन ओढायची आणि ती फाटली की दुकानात येऊन म्हणायचं, कालच घेतली हो. मास्तर चष्म्याच्या वरून नुसते बघत राहत आणि गिऱ्हाईक आपोआप खरं बोलायला लागे.

जावई तर गिऱ्हाइकाच्याही खालचा. इमारतींचे नकाशे काढायची त्याची नोकरी. म्हणजे आपण वीट उचलायची नाही, दुसऱ्यानं ती कुठे ठेवायची ते सांगायचं. सुट्टी आली की हा पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा आणि चढून झाला की उतरायचा. मास्तरांनी एकदा विचारलंही होतं, वर काय विसरून आला होतात म्हणून. त्यावरही तो हसला होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं हे घोडं सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

आता त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. झोळीचा नकाशा, दुसरं काय. झोळीवर डासांसाठी बारीक जाळी शिवलेली होती आणि आत शिरायला तळाशी पायाकडे एक फट. ती फट शिवून टाकायची आणि जाळीला बाजूनं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चेन बसवायची, असं बाण काढून, मापं घालून दाखवलं होतं.

"हिच्यासाठी आहे," जावई म्हणाला. "खालच्या फटीतून आत गेली की तिला वाटतं, आता आपण बाहेर पडत नाही. परवा घरात बांधून बघितला तर दोन मिनिटांत घामाघूम झाली. ती म्हणते, बाजूला दार हवं आणि ते माझं मला उघडता आलं पाहिजे. एवढं केलंत तर ती येईल."

"अजून तेच का?" मास्तर म्हणाले.

त्यांची मुलगी, चांगली तिशी ओलांडलेली बाई, न्हाणीघराची कडी लावत नसे. पाचव्या मजल्यावर कामाला जाताना लिफ्ट सोडून जिना चढे. झोपताना तिला घराची सगळी दारं अर्धी उघडी लागत. हे सगळं मास्तर चारचौघांत रंगवून सांगत. ही नाजूकपणाची थेरं तिच्यात आली कुठून, हे त्यांना कळत नसे. त्यांनी तर तिला फुलासारखं वगैरे वाढवलंच नव्हतं. बायको गेली तेव्हा पोर चार वर्षांची. शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि मशीनभोवती घुटमळायची. एकदा चालत्या सुईखाली तिचं बोट जाता जाता वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर तिला मागच्या माल-खोलीत बसवून बाहेरून कडी घालायला लागले. रोज दुपारचे दोन तास, दोन-तीन वर्षं. आत पंखा होता, खिडकी होती, कापडाचे गठ्ठे होते लोळायला. "दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत ना?" असं ते वर विचारत, आणि ऐकणारेही मान डोलावत.

"आणि हा चेनीचा रनर." जावयानं इवलीशी प्लास्टिकची पिशवी पुढे केली. "याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे पकड आहे. मुद्दाम मागवलाय. नकाशावरही लिहिलंय."

"माझ्याकडे रनर नाहीत असं वाटलं तुम्हाला?" मास्तरांनी पिशवी ड्रॉवरमध्ये टाकली, नकाशा तिच्यावर टाकला आणि ड्रॉवर ढकलला. "पस्तीस वर्षं मी इथे काय माशा मारतोय?"

"तसं नाही, बाबा." या वेळी जावई हसला नाही. "शनिवारी निघायचंय. सहा वर्षांत ती पहिल्यांदा हो म्हणालीय. हे फसलं तर पुन्हा विचारायचं तोंड मला राहणार नाही."

"फसायला ते काय तुम्ही शिवणार आहात?"

काम मात्र मास्तरांनी मन लावून केलं. गिऱ्हाइकाची अक्कल काढायची, पण शिवणीत कसूर करायची नाही, हा त्यांचा धर्म होता. सगळा भार खालच्या कापडावर येतो, जाळी नुसती वर ताणलेली असते, तेव्हा चेन बसवायला हरकत नाही, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. जाळी विरू नये म्हणून कापायच्या आधी दोन्ही अंगांना पट्टी मारली. तळाची फट तीनदा शिवून अशी बंद केली की मुंगीनं विचार सोडून द्यावा. मग आपल्या डब्यातला सर्वांत भारी रनर काढला, प्रवासी बॅगांना लावतात तो. पकड खाली पाडली की जागच्या जागी घट्ट बसणारा, कितीही हिसके द्या, हलायचा नाही. पकड अर्थातच बाहेरच्या अंगाला, जिथे ती असते. वरून पावसाच्या पाण्यासाठी एक झडपही शिवली, ती कोणी सांगितली नव्हती. शेवटचा दोरा कापून त्यांनी चेन चार वेळा वरखाली केली. लोण्यात सुरी फिरावी तशी ती फिरली. नकाशे काढणाऱ्याला म्हणावं, बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई न्यायला आला. बांधून दाखवल्याशिवाय मास्तर माल देत नसत. पुढच्या दुकानात झोळीएवढी लांबी निघेना, म्हणून दोघं माल-खोलीत गेले. एक दोर लोखंडी खांबाला बांधला. दुसरा खिडकीच्या गजाला बांधायचा तर खिडकी दाराच्या फळीमागे. ही फळी कायम भिंतीला चिकटून उघडी असायची आणि तिच्यापुढे गठ्ठ्यांची थप्पी. जावयानं गठ्ठे हलवले, दार अर्धं लोटलं आणि गाठ मारली. झोळी जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबायला लागली.

"छान दिसतंय," जावई वाकून म्हणाला. "बाबा, आतून जरा बघू द्या, रनर कुठला..."

"सरका. आधी मी बघतो. तुम्ही बसलात आणि दोर सुटला तर माझ्या शिवणीवर खापर फुटायचं." मास्तर चपला काढून आत शिरले, कण्हत आडवे झाले. पाठीला बरं वाटलं, पण ते बोलून दाखवण्याची गरज त्यांना वाटली नाही. "घाला चेन. पूर्ण घाला, राजा. आता सांगा, कुठे अडकते?"

"नाही अडकत."

"पकड खाली पाडा. हां. आता..."

बाहेर ट्रकचा हॉर्न सुरू झाला. जावयानं गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली गाडी कोणाला तरी नडत होती. "आलोच," म्हणून तो पळाला. गाडी कुठे लावावी हेसुद्धा याला नकाशात काढून दाखवलं पाहिजे, असं मास्तर मनात म्हणाले आणि बाहेर पडायला त्यांनी चेनीकडे हात नेला.

चेनीच्या आतल्या अंगाला काही नव्हतं. नुसते गुळगुळीत दात.

मास्तरांनी बोटानं रनर ढकलून बघितला. हलला नाही, चांगला रनर होता. नखानं दात विलगता येतात का बघितलं. पस्तीस वर्षांचा हात होता तो, त्यानं दात कच्चे बसवले नव्हते. पायानं तळाची फट चाचपली, ती तर तिहेरी शिवलेली. कात्री टेबलावर, ब्लेड टेबलावर, आणि टेबल पुढच्या दुकानात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बॅगेत कोणी बसत नाही, म्हणून बॅगेला आतून पकड नसते. हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि तरी त्यांनी बॅगच शिवली होती.

"अहो जावईबापू," त्यांनी हाक मारली. स्वतःच्याच कानाला ती हाक लाजिरवाणी वाटली. हॉर्न वाजतच होता. पुढे कोणी गिऱ्हाईक आलं, "मास्तर आहेत का?" असं विचारून गेलं. मास्तरांनी श्वास धरून ठेवला. या अवस्थेत गल्लीनं बघण्यापेक्षा मेलेलं परवडलं. पाच मिनिटं गेली. मानेवरून घाम उतरायला लागला. जाळी तोंडापासून वीतभर लांब होती, वारा खेळत होता, सगळं दिसत होतं, आणि तरी छातीत काहीतरी घट्ट होत चाललं होतं. त्यांना स्वतःची चीड आली. नाजूकपणाची थेरं, दुसरं काय.

लक्ष दुसरीकडे लावावं म्हणून त्यांनी मान वळवली. समोर दाराची आतली बाजू होती. फळी नेहमी भिंतीला असल्यामुळे ती बाजू त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

फळीवर, जमिनीपासून हात-दीड हातावर, काळ्या मार्करनं एक कडी काढलेली होती. नुसती रेघ नव्हे, नीट काढलेली. गोल मूठ, खालचा कोयंडा, चार कोपऱ्यांना चार स्क्रू, स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचासुद्धा. शाई तपकिरी पडली होती. मुठीच्या जागी ती पार उडाली होती आणि लाकूड बोटं घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

मास्तर कडीकडे बघत राहिले. ही कडी किती वेळा ओढली गेली असेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तो त्यांना थांबवता येईना. त्यांना रडू आलं असं नाही. त्यांना भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, भरदिवसा, स्वतःच्या दुकानात.

"बाबा?"

मुलगी दारात उभी होती. कामावरून परस्पर आली होती, झोळी बघायला. ती उंबऱ्यावरच थांबली. या खोलीत ती मोठेपणी कधी आली नव्हती, काही लागलं तर बाहेरूनच मागायची.

"आत काय करताय?"

"चेन बघत होतो."

"मग या बाहेर."

मास्तरांचं बोट चेनीच्या गुळगुळीत दातांवरून फिरलं. तिनं वाकून जाळीतून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. एक गठ्ठा पायानं सरकवत आणून दाराला लावला, दार हलत नाही ना हे दोनदा ढकलून बघितलं, आणि आत आली. झडप उचलली, पकड धरली.

"आतून उघडत नाही?"

"बॅगेला आतून कशाला..."

तिनं चेन उघडली. चेन सुरेख फिरली. मास्तर धडपडत उतरले, चपला शोधायला लागले आणि तिच्याकडे न बघता दाराकडे बोट केलं.

"हे तू काढलंस?"

"अगंबाई, आहे का अजून?" ती म्हणाली. "खोक्यांवर नंबर घालायचा तो मार्कर इथेच असायचा."

"हाक मारायची होतीस."

"मारायचे की. तुमचं मशीन चालू असायचं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस किती वाजता सुटते ते सांगावं, तसं ती म्हणाली.

जावई घाम पुसत आला. "तो ट्रकवाला वैतागला होता. झालं ना, बाबा? द्या, सोडतो दोर."

"झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "चुकलंय. माझं चुकलंय."

जावयानं आधी सासऱ्याकडे आणि मग बायकोकडे बघितलं, आणि एरवीसारखा हसला नाही.

मास्तरांनी झोळी सोडून पुढे नेली. ड्रॉवर उघडून नकाशा बाजूला केला, ती इवलीशी पिशवी काढली. ब्लेड घेतलं आणि आदल्या दिवशीची स्वतःची शिवण, एवढी देखणी शिवण, टाका टाका उसवली. भारी रनर डब्यात टाकला. दोन्हीकडे पकड असलेला ओवला, आतून ओढून बघितला, बाहेरून ओढून बघितला, पुन्हा आतून ओढून बघितला. मग मशीनवर बसून पायडलवर पाय ठेवला.

वीतभर शिवण झाली की ते पाय उचलत. मशीन थांबू देत आणि मान थोडी मागच्या खोलीकडे वळवून कान देत. मग पुढची वीत.

मुलगी समोरच स्टुलावर बसली होती. "काय झालं?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा पायडल दाबलं.